बालेंदिनची ओहोटी

"ओहोटी बरोबर एक वाजता! त्याआधी समुद्राची पुढे यायची हिंमत नाही!" चर्चच्या दारातच बालेंदिननं जाहीर केलं.

मुलीचं, गाराझीचं, नुकतंच लग्न लागलं होतं. अख्ख्या लग्नात त्याच्याकडे एकच काम होतं, तेही मागून घेतलेलं: नवरानवरीला फोटोसाठी इत्सुरुनच्या किनाऱ्यावर न्यायचं. बाकी जेवणापासून वाजंत्रीपर्यंत सगळं त्याची घटस्फोटित बायको मिलाग्रोस आणि तिचा नवा नवरा एर्रामुन यांनी उरकलं होतं. एर्रामुन बिल्बाओचा दातांचा डॉक्टर. इतका सभ्य, की बघूनच बालेंदिनची दाढ ठणकायची!

साडेबाराला मंडळी कड्याखाली पोचली. पोळ्यांची चळत आडवी पाडावी तसे ते कडे, आणि पायाशी समुद्रात घुसलेल्या दगडी पट्ट्या. गाराझी पांढरा झगा सावरत पार टोकाला जाऊन उभी राहिली.

"बालेंदिन," एर्रामुन हळूच म्हणाला, "फोन सांगतोय, पाणी चढतंय."

"फोन काय इथं जन्मला? उन्हाळ्यात इथली घड्याळं पुढे केलेली असतात, म्हणून भरतीच्या तक्त्यातल्या वेळेत दोन तास मिळवायचे असतात, डॉक्टर! शहरात नाही शिकवत हे."

"बाबा, माझे बूट भिजले!" गाराझी ओरडली.

"शेवटची लाट आहे गं! हस तू!"

शेवटच्या लाटेमागून आणखी नऊ आल्या. परतीची वाट दिसेनाशी झाली. नवरदेव चष्मा शोधत होता, फोटोग्राफर कॅमेरा डोक्यावर धरून देवाचं नाव घेत होता. बालेंदिन मुलीकडे धावला आणि शेवाळावर असा आपटला, की उठेपर्यंत पाणी कमरेला! तेवढ्यात एर्रामुननं कोट वाळूवर काढून ठेवला, पँट दुमडली, गाराझीला खांद्यावर घेतलं आणि परत वाळू गाठली.

अंग कोरडं करायला सगळे जवळच्या खानावळीत शिरले. तिथल्या भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता होता. मिलाग्रोसनं चष्मा लावून तळाची ओळ मोठ्यानं वाचली, "'वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे.' म्हणजे दोन तास आधीच मिळवलेत, शहाण्या! ओहोटी अकराला होती!"

"चूक कुणाचीही होते," एर्रामुन म्हणाला आणि स्वतःचा कोरडा कोट बालेंदिनच्या खांद्यावर टाकला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं!

महिन्यानं बालेंदिन लेकीकडे जेवायला गेला. भिंतीवर त्या दिवशी फोटोग्राफरनं कसाबसा टिपलेला भला मोठा फोटो होता. एर्रामुनच्या खांद्यावर गाराझी, खळखळून हसणारी. लहानपणानंतर ती अशी हसलेली त्यानं पाहिली नव्हती. मागे कमरेएवढ्या पाण्यात एक धूसर माणूस हात हलवत होता.

शेजारीणबाई फोटोपाशी थांबल्या. "वडलांनी खांद्यावर घेतलंय! किती गोड!"

बालेंदिननं गाराझीकडे पाहिलं. ती ताटं मांडत राहिली.

"आणि मागे हे कोण हो?" बाईंनी त्यालाच विचारलं.

"कोण जाणे," बालेंदिन म्हणाला. "पाण्यात अडकलेला दिसतोय बिचारा."