मॅनेजरसाठी दोन हार

एका जंगलात, मुलांनो, एक फुटबॉलचा संघ होता. संघात खेळाडू अकरा होते आणि मॅनेजर तीनशे. त्यातला एक मैदानाच्या कडेला उभा राहायचा. बाकीचे उंबराखाली बसायचे.

जंगलाचं नाव उंबरझरा. उंबराखाली बसणाऱ्यांना तिथे चाहते म्हणत. उन्हं कलली की चाहते जमायचे आणि संघाचं कुठे चुकतंय ते एकमेकांना समजावून सांगायचे. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. सगळ्यांत मानाची जागा म्हणजे खोडालगतचं रुंद मूळ. तिथे साळोजी बसायचा.

साळोजी साळिंदर होता. लहानपणी तो एकदाच मैदानात उतरला होता. त्याने बॉलला डोकं लावलं, बॉलमधली हवा फुस्सकन निघून गेली आणि सामना तिथेच संपला. त्यानंतर त्याला कुणी बॉलजवळ फिरकू दिलं नाही. पण आवड अशी जाते होय? साळोजी मुळावर बसून काडीने मातीत मैदान आखायचा. उंबरं मांडून त्यांचे खेळाडू करायचा. "इथे पास द्यायला हवा होता," असं म्हणून एक उंबर हळूच सरकवायचा. तो बोलायला लागला की माकडंसुद्धा खाजवायची थांबायची.

एरवी त्याच्या काट्यांमुळे कुणी त्याच्या शेजारी बसत नसे. त्यामुळे ते मूळ त्याला फार प्रिय होतं.

आता उंबरझऱ्याची एक रीत सांगतो. नवा मॅनेजर आला की त्याला हार घालून सत्कार करायचा. मॅनेजर गेला की पुन्हा हार घालून सत्कार करायचा. भाषणं दोन्ही वेळा तीच. हार गवताचे असत आणि ते सुगरणकाकू विणायच्या. दोन वर्षांत पाच मॅनेजर झाल्यावर काकूंनी एकाच बैठकीत दोन हार विणायला सुरुवात केली. एक गळ्यात पडायचा. दुसरा फांदीवर लटकत राहायचा.

पहिला मॅनेजर गरुड. तो इतक्या उंचावरून सामना बघायचा की आपले कोण आणि समोरचे कोण हे त्याला कळत नसे, अशी तक्रार झाली. मग हत्ती आला. तो फार जवळून बघायचा, त्यामुळे बाकीच्यांना काही दिसायचं नाही. घुबड फार अभ्यासू होतं, पण सामने दिवसा असत. अशी आणखी दोघांची वाट लागली. सगळ्यांना चाहत्यांनीच आणलं, चाहत्यांनीच घालवलं, आणि निरोपाच्या वेळी चाहत्यांचेच डोळे भरून आले.

सहावा अस्वलराव. चार गोलांनी हरल्यावर त्याच्याही गळ्यात दुसरा हार पडला. जाताना तो साळोजीपाशी थांबला.

"साळोजी, तुमच्या उंबरांचं बरं आहे," तो म्हणाला. "सरकवली तिथे राहतात."

साळोजीला वाटलं, अस्वलरावाने आपलं कौतुक केलं. त्याने मान डोलावली.

मग उंबराखाली चर्चा सुरू झाली. पुढचा मॅनेजर कोण?

"खेळात देखणेपणा पाहिजे," मोर म्हणाला.

"पोटात आग पाहिजे," रानडुक्कर म्हणालं.

"चित्त्याला आणा," माकडं ओरडली.

"चित्ता इथे आहे कुठे?" सशाने विचारलं. "माझ्या आजोबांनीही पाहिला नव्हता."

"तेच तर! त्याच्याविरुद्ध कुणाची काही तक्रार नाही."

चित्त्यावर तीन दिवस चर्चा झाली. तो येणार नाही हे नक्की झाल्यावर त्याचा निषेधही करण्यात आला.

या भानगडीत संघाला मॅनेजरच नव्हता. सामने मात्र ठरल्याप्रमाणे होत राहिले. कप्तान होता धोंडबा गवा. तोच गोलकीपर. तो गोलमध्ये उभा राहिला की गोल जवळजवळ भरून जायचा. त्याने खेळाडूंना एवढंच सांगितलं, "बॉल आला की आपल्यातल्याच कुणाला तरी द्या." खेळाडूंनी तसं केलं. संघ लागोपाठ तीन सामने जिंकला.

उंबराखाली चिंतेचं वातावरण पसरलं.

"जिंकतायत ते ठीक आहे," रावजी कोल्हा म्हणाला, "पण अशाने आपण बोलायचं कुणाबद्दल?"

सगळ्यांना ते पटलं. शिवाय शेवटचा सामना नदीपारच्या संघाशी होता. त्यात जो जिंकेल त्याच्या जंगलाला उन्हाळाभर डोहाचा सावलीचा काठ मिळायचा. एवढा मोठा सामना मॅनेजरशिवाय खेळायचा, हे उंबरझऱ्याला शोभलं नसतं.

रावजी उठला. साळोजीच्या मुळावर त्याचा फार दिवसांपासून डोळा होता.

"आपल्यात साळोजीसारखा जाणकार असताना बाहेरचा कशाला?" तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. साळोजीचे काटे आनंदाने सळसळले. ज्याला जन्मात कुणी बॉल दिला नाही, त्याला आज अख्खा संघ देत होते. त्याला रडूच आलं.

हार घालताना सुगरणकाकू त्याच्या कानाशी आल्या. "भाऊ, मी दोन विणलेत हो."

"दुसरा उसवून टाका काकू," साळोजी म्हणाला. "तो लागायचा नाही."

काकूंनी तो फांदीला अडकवला. इकडे साळोजीच्या गळ्यात पहिला हार नीट बसायच्या आत रावजी त्याच्या मुळावर बसला होता.

मॅनेजरने उंबराखाली यायचं नाही, असा नियम होता. तो समोर असला की त्याच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येत नाही ना! त्यामुळे साळोजी संध्याकाळी रिकाम्या मैदानात एकटाच फिरायचा. उंबराखालून हशा ऐकू यायचा. आपल्याबद्दल काय बोलत असतील, यापेक्षा ते नीट मुद्देसूद बोलत असतील का, याचीच त्याला काळजी वाटायची.

पहिल्या दिवशी त्याने खेळाडूंना काडीने आखून दाखवलं. माकड, तू इथे. भेकर, तू तिथे. माकड तिथे क्षणभर थांबलं आणि झाडावर चढलं. भेकर पाचोळा वाजला म्हणून पळून गेलं.

धोंडबा अदबीने म्हणाला, "साहेब, आम्ही आपलं बॉल आपल्यातल्याच कुणाला तरी देत होतो. तेवढंच जमतं."

साळोजीने बराच वेळ विचार केला. खेळ त्याला खरंच कळत होता, मुलांनो. तो म्हणाला, "मग तेवढंच करा. मी कडेला गप्प उभा राहतो."

आजवरच्या कुठल्याही मॅनेजरने इतकं शहाणपणाचं वाक्य उच्चारलं नव्हतं.

सामन्याचा दिवस उजाडला. मध्यंतराला उंबरझरा एका गोलने पुढे होता. साळोजी कडेला गप्प उभा होता.

"हा काहीच का करत नाहीये?" चाहत्यांत कुजबुज सुरू झाली.

"झोपलाय की काय?"

मग रावजीने हाळी दिली, "साळोजी! काहीतरी करा!" आणि तीनशे गळ्यांनी ती उचलून धरली. काहीतरी करा! काहीतरी करा!

गप्प राहायचं, हे साळोजीला माहीत होतं. पण ही हाळी त्याची स्वतःची होती. त्या मुळावर बसून सहा मॅनेजरांना त्याने हीच हाळी दिली होती. ती ऐकून काहीच न करणाऱ्या मॅनेजरचा त्याला मनापासून राग यायचा. आता तोच राग त्याला स्वतःचा यायला लागला.

शेवटी त्याला राहवलं नाही. त्याने धोंडबाला गोलमधून काढून पुढे खेळायला पाठवलं आणि गोलमध्ये बगळा उभा केला. चाहत्यांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या.

बगळा एका पायावर उभा राहिला. त्याच्या डावीकडून दोन गोल गेले आणि उजवीकडून एक. उंबरझरा तीन-एक हरला. सावलीचा काठ नदीपार गेला.

संध्याकाळ झाली. साळोजी मान खाली घालून चालत निघाला. सवयीने पाय उंबराकडेच वळले. त्याला पाहून कुणी काही बोललं नाही, कारण चर्चा ऐन भरात होती. तो कडेला, मातीतच बसला.

रावजी मुळावरून बोलत होता. "आपण हरलो, कारण वारा उलटा होता."

"आणि रेफरी," रानडुक्कर म्हणालं.

साळोजीने थोडा वेळ सहन केलं. पण इतकं ढिसाळ बोलणं त्याला ऐकवेना. ज्या जागेवरून आपण इतकी वर्षं बोललो, तिथून वाऱ्याच्या गप्पा?

"अरे, मुद्दा तो नाहीच!" तो ओरडला.

त्याने काडी उचलली. मैदान आखलं. उंबरं मांडली. "एका गोलने पुढे आहोत. अख्खा गोल भरून टाकणारा गवा आहे. त्याला काढून तिथे बगळा उभा करतो, तो मॅनेजर कसला? ज्याला चाहत्यांच्या आरड्यापुढे दोन घटका गप्प राहवत नाही, तो मॅनेजर कसला? घालवा त्याला!"

माकडं खाजवायची थांबली.

"कुणाला?" सशाने विचारलं.

"या साळिंदराला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं मुद्देसूद भाषण उंबराखाली कुणी ऐकलं नव्हतं.

"साळोजी, वर बसून बोला!" मागून आवाज आला. "इकडे ऐकू येत नाही!"

रावजीला बाजूला सरकावं लागलं. साळोजी आपल्या मुळावर बसला. मूळ अजून ओळखीचं होतं. सुगरणकाकूंनी फांदीवरचा हार आणला. पहिला हार अजून काट्यांतच अडकलेला होता, म्हणून दुसरा त्याच्यावरच चढवला. निरोपाची भाषणं झाली. चाहत्यांचे डोळे भरून आले. साळोजीचे तर वाहत होते. इतका सुखी तो कधीच झाला नव्हता.

"मग आता पुढचा कोण?" रानडुकराने विचारलं.

साळोजीने डोळे पुसले. रावजीकडे फार प्रेमाने पाहिलं.

"आपल्यात रावजीसारखा जाणकार असताना," तो म्हणाला, "बाहेरचा कशाला?"

पुन्हा टाळ्या पडल्या. रावजीची शेपटी हळूहळू पायांत गेली. सुगरणकाकूंनी मुकाट्याने दोन हारांचं गवत वेचायला घेतलं.

तात्पर्य : मुलांनो, सामना खेळवणं अवघड आहे आणि त्यावर बोलणं सोपं. तेव्हा जे सोपं आहे तेच मन लावून करावं. आणि कुणी कितीही हार घातले, तरी बसायची जागा सोडू नये.