कंपाउंडरकाकांचं पांढरं अस्तर

आमच्या जवळा बाजार गावात लोक माझ्या दुकानातून दारा-खिडक्यांसाठी प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, नेतात. खिल्लारे कंपाउंडर शिपायांच्या नाकांसाठी नेतात. शिपाई अंगठ्याएवढे, पुण्याच्या लेकीनं पाठवलेल्या टेबलावरच्या लढाईच्या खेळातले.

काका निवृत्त झाले, पण दवाखान्याची भाषा सुटली नाही. "शेठ, बाटली हलवून. दोन थेंब बस!" सायकलवर चुना विकून मी दुकान उभं केलं, थेंबानं रंग विकायला नव्हे. तरी ते काड्यापेटीच्या काड्या घेऊन बसणार. एकीला काळं अस्तर, एकीला करडं, एकीला पांढरं. वर तिन्हींना एकच चटकन वाळणारा, आरपार दिसणारा रंग. मग काड्या उन्हात धरून निकाल. "काळ्यावर रंग मरून राहिला. करड्यावर आजारी हाय. पांढऱ्यावर बोलून राहिला!"

एकदा भरबाजारात म्हणाले, "तुमचा प्रायमर गोठ्याच्या दाराला बराबर. माझ्या शिपायांची नाकं बुजली!" दोन गिऱ्हाइकं हसत समोरच्या दुकानात गेली. ते मी विसरलेलो नाही.

परवा त्यांनी तिसरा डबा परत पाठवला. पांढरा म्हणे पिवळट आहे. माझं टाळकं फिरलं. डबा उचलून थेट त्यांच्या घरी गेलो, चार शब्द सुनावायला.

पुढच्या खोलीत नवरा-बायको खेळत होते. काकूंची फौज केशरी, काकांची तांबडी. काकूंनी एक शिपाई डोळ्यांना लावून पाहिला आणि पुढं सरकवला. "तुमचा सरदार मेला, कंपाउंडर!"

सरकवलेला शिपाई तांबडा होता. काकांचाच.

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते मिटलं.

"मेला की," काका म्हणाले. "हरलो बा."

काकू भिंत चाचपत चहा ठेवायला गेल्या. काका हळूच म्हणाले, "नजर अधू होऊन राहिली तिची. आपले समजून माझेच शिपाई चालवती हे कळलं, तर खेळणंच सोडंल. तिचे आणखी चमकले पाहिजेत, शेठ."

"मंग दोन्ही फौजांना पांढरं अस्तर काहून?" मी भडकलो, पण आवाज दाबून. "एवढ्या काड्या रंगवल्या अन् हे सुचलं न्हाई? तुमची फौज काळ्यावर रंगवा. तुमचे मरू द्या, तिचे बोलतील."

काकांनी आपला तांबडा सरदार तळहातावर घेतला. "ह्याचे डोळे रंगवायला चार दिवस लागले होते," म्हणाले.

मग कपाटातून काळ्या अस्तराची बाटली काढली आणि हलवायला लागले.