खऱ्या गिरीधर रावांनी उभं राहावं

"तू कोण रे?" विशालाक्षीबाईंनी विचारलं. सकाळचे सात वाजले होते आणि हा प्रश्न त्या दिवसात तिसऱ्यांदा आला होता.

"आई, मी गिरी. तुझा गिरी," गिरीधर राव म्हणाला आणि इडलीचा तुकडा त्याने तिच्या तोंडापुढे धरला.

विशालाक्षीबाईंनी तोंड फिरवलं. "वसंता, हा केबलवाला घरात कसा आला? त्याला काफी दे आणि वाटेला लाव."

बाकी सगळ्यांना त्या ओळखत होत्या, हे खरं दुखणं. सुनेला, वसंताला, ओळखत होत्या. तिच्याशी तीस वर्षं चाललेली धुसफूस एक दिवसही खंडली नव्हती. दुधाच्या पिशव्या टाकणारी बाई, शेजारच्या क्वार्टरमधले दत्ताजी, दत्ताजींचं कुत्रं, सगळे जागच्या जागी होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या डोक्यातून पोटचा एकुलता एक मुलगा तेवढा दोन वर्षांपूर्वी पुसला गेला होता. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी." डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला.

आणि हे व्हावं कुणाचं, तर गिरीधरचं. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका सरकारी कारखान्याच्या फाटकावर तो सुरक्षा अधिकारी होता. तेहतीस वर्षं त्याने माणसांच्या चेहऱ्यांशिवाय दुसरं काही बघितलं नव्हतं. तीन पाळ्यांतली चार हजार माणसं तो पास न बघता आत सोडायचा. एकदा एकजण भावाचा पास घेऊन आला, तर ह्याने त्याला दहा हातांवरून परत पाठवलं. असा माणूस रोज सकाळी स्वतःच्या आईपुढे बिनपासाचा उभा राहत होता. त्याच्या जिवाला ते फार लागायचं. तो आंघोळीला जायचा, नळ मोठा सोडायचा आणि रडून घ्यायचा. वसंताला ते कळायचं, पण ती दार वाजवायची नाही.

विशालाक्षीबाईंचा विश्वास आता फक्त टीव्हीवर उरला होता. बातम्या देणाऱ्याने समोर बघितलं की त्या पदर सारखा करायच्या. टीव्हीने आवडीला पाऊस सांगितला, तर बाहेर कडकडीत ऊन असतानाही वाळत घातलेले कपडे आत यायचे. गिरीधरने आकाश दाखवलं तर त्या म्हणायच्या, "तुला काय कळतं? तू फक्त वायर जोड."

त्यांचा लाडका कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सात वाजता लागायचा. ‘मूवरिल ओरुवर’, म्हणजे तिघांतला एक. तीन माणसं ओळीने बसतात आणि तिघंही एकच नाव सांगतात. त्यांतला एक खरा, दोघं तोतये. समोरचे चार परीक्षक प्रश्न विचारतात आणि खरा कोण ते ठरवतात. शेवटी सूत्रधार शरण्या म्हणते, "खऱ्या अमुक अमुक यांनी उभं राहावं," आणि खरा माणूस उभा राहतो. तो उभा राहिला की विशालाक्षीबाई मान डोलावून म्हणायच्या, "हां, हा खरा."

एका रविवारी ती मान डोलताना बघून गिरीधरच्या डोक्यात ते शिरलं. टीव्ही म्हणेल, खऱ्या गिरीधर रावांनी उभं राहावं. आपण उभे राहू. झालं.

"तुमच्यात टीव्हीवर दाखवण्यासारखं काय आहे?" वसंताने विचारलं. ते हिणवणं नव्हतं, तिला खरोखरच कुतूहल होतं.

"चार हजार चेहरे," गिरीधर म्हणाला.

वाहिनीला ते चेहरे आवडले. चित्रीकरण गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत होतं, लेथ मशीनच्या कारखान्यामागे एका शेडमध्ये. नियम असा होता की तोतयांची तयारी खऱ्या माणसानेच दोन संध्याकाळी करून घ्यायची. एक तोतया मोटारींचे सुटे भाग विकणारा गृहस्थ होता. पहिल्या संध्याकाळी तो चहा पिऊन गेला, तो एकदम चित्रीकरणालाच उगवला. दुसरा मात्र रघु. मूळचा सोलापूरचा, दहा वर्षं चेन्नईत होता आणि नुंगंबाक्कमच्या एका कचेरीतून दवाखान्यांना खाटा विकायचा. तरुणपणी त्याने हौशी नाटकांतून कामं केली होती. तो वही घेऊन आला.

वही बघितली आणि गिरीधरमधला सरकारी माणूस जागा झाला. अर्धवट माहिती देणं त्याला जमणारंच नव्हतं. फाटकाच्या वेळा, पाळ्या, भावाचा पास घेऊन आलेला माणूस, हे तर त्याने सांगितलंच. शिवाय लहानपणी विहिरीच्या काठावरून पडला तेव्हा हनुवटीला घातलेले चार टाके, आईच्या हातच्या पुरणपोळ्या, वडील गेले त्या दिवशी आईने त्याला काय म्हटलं, तेही सांगितलं. रघु लिहीत होता आणि मधूनच डोळे पुसत होता.

"अहो, त्याला सगळं देऊन बसलात, मग तुमच्याजवळ काय राहिलं?" वसंता म्हणाली.

"माझ्याजवळ मी आहे की," गिरीधर म्हणाला. बिचाऱ्याला ते पुरेसं वाटत होतं.

चित्रीकरणाच्या दिवशी तिघांना सारखे खाकी शर्ट घातले. एक नंबरला गिरीधर, दोनला रघु, तीनला सुटे भाग. पहिला प्रश्न आला, "फाटकावर माणूस आला की तुम्ही आधी काय बघता?"

"कान," गिरीधर म्हणाला. ते खरं होतं. मिशा वाढतात, केस जातात, पण कान बदलत नाहीत. परीक्षक हसले. प्रेक्षकही हसले.

"डोळे," रघु हळूच म्हणाला. "माणूस खोटं बोलला तरी डोळ्यांना ते जमत नाही." टाळ्या पडल्या. तीन नंबरने "चपला" असं उत्तर दिलं आणि त्यालाही गिरीधरपेक्षा जास्त दाद मिळाली.

चौथ्या खुर्चीवर रुचा होती. ती पुण्याची, इथे तमिळ मालिकांमधून कामं करायची. तिच्या हातातल्या कार्डावर लिहिलं होतं की गिरीधर राव तंजावरकडचे मराठी. ती खुलली. "मी मराठीच आहे. तिघांनीही एक एक वाक्य बोला, घरी आईशी बोलता तसं."

घरची मराठी गिरीधरने घराबाहेर कधी काढली नव्हती. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वजांबरोबर आली तशी ती घरातच राहिली होती. समोर आई बसली आहे असं त्याने मनात आणलं आणि तो म्हणाला, "आई, मी आलों. जेवण जालें काय? भात ऊन आहे, बैस."

रुचाने भुवया उंचावल्या. मग रघु बोलला, "आई, मी आलोय गं. जेवलीस का? औषध घेतलंस का वेळेवर?" रुचाचा हात छातीवर गेला. तिची आई पुण्यात एकटी होती.

"एक नंबरनी कुठल्या तरी पोथीतलं पाठ केलंय," ती इतर परीक्षकांना म्हणाली. "असं मराठी कुणीच बोलत नाही. माझा शब्द घ्या, मी पुण्याची आहे."

पुण्याचा शब्द म्हटल्यावर तिघा तमिळ परीक्षकांचा नाइलाज झाला. चारही मतं दोन नंबरला गेली. एक नंबरला शून्य. शरण्या म्हणाली, "खऱ्या गिरीधर रावांनी उभं राहावं," आणि गिरीधर उभा राहिला. सगळ्यांनी "अय्यो" म्हणून तोंडावर हात ठेवले आणि रुचाने त्याची दोनदा माफी मागितली. मतांचं त्याला काही वाटलं नाही. तो उभा राहिला होता आणि टीव्हीने ते टिपलं होतं, त्याचं काम झालं होतं.

तीन आठवड्यांनी रविवारी सात वाजता तो आईशेजारी बसला. धुतलेला शर्ट घातला होता, भांगही पाडला होता. विशालाक्षीबाई डोळे न मिटता बघत होत्या. रघुने हनुवटीचे टाके सांगितले तेव्हा त्या पुढे सरकल्या. "हनुवटीला टाके. विहिरीवरनं पडला होता," त्या पुटपुटल्या. मतं पडली. दोन, दोन, दोन, दोन. मग गिरीधर उभा राहिला.

इथे मान डोलायला हवी होती. विशालाक्षीबाईंनी आधी पडद्याकडे बघितलं, मग शेजारी बघितलं.

"चोर," त्या म्हणाल्या.

"आई, बघ की, मीच उभा राहिलो."

"चार शहाणी माणसं दोन नंबर म्हणतायत आणि तू निर्लज्जासारखा उभा राहिलास. माझ्या गिरीचं नाव घेऊन टीव्हीवर गेलास. वसंता, दत्ताजींना हाक मार. पोलीस आणा."

दत्ताजी आले आणि त्यांनी समजूत घातली. त्याचा एवढाच उपयोग झाला की विशालाक्षीबाई उशाखाली किल्ल्या ठेवून झोपल्या. काल संध्याकाळपर्यंत गिरीधर निदान केबलवाला होता आणि त्याला काफी तरी मिळत होती. सोमवारी फाटकावर पहिल्या पाळीची माणसं खो खो हसत उभी होती. "सार, आधी तुमचा पास दाखवा," एकजण म्हणाला. गिरीधरने खरंच खिशातून पास काढून दाखवला. मग कुणी हसलं नाही.

घरी त्याहून वाईट चाललं होतं. विशालाक्षीबाईंनी ताट ढकललं. माझा गिरी सापडला आहे, तो आला की जेवेन, असं त्यांचं म्हणणं. सोमवार गेला, मंगळवार गेला. दोन घोट ताकाशिवाय पोटात काही नाही. बुधवारी डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत जेवल्या नाहीत तर दवाखान्यात न्यावं लागेल आणि या वयात दवाखान्यात नेलेलं माणूस..."

वसंताने नवऱ्याला न विचारता रघुला फोन लावला. नंतर तिने गिरीधरला सांगितलं. तो फक्त म्हणाला, "त्याला सांग, आई ताकात मीठ घेत नाही." मग त्याच्या लक्षात आलं की हेही रघुच्या वहीत आहे.

रघु आला, त्याने पाय धुतले आणि म्हातारीसमोर बसला. "आई, मी आलोय गं." विशालाक्षीबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि रघुने भरवलेला पहिला घास घेतला. भात, कालवण, ताकभात, सगळं गेलं. गिरीधर दाराबाहेर चपलांजवळ उभा होता. आई जेवते आहे म्हणून त्याला इतका आनंद झाला होता की दुःख करायला त्याला जरा वेळ लागला.

मग रघु येतच राहिला, बुधवारी आणि रविवारी. त्याला येण्याजाण्याचे पैसे विचारले तर रागावला. "माझी आई सोलापुरात गेली तेव्हा मी इथे खाटा विकत होतो, रावसाहेब," तो म्हणाला. "पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मला येऊ द्या." आता अशा माणसाला हाकलायचं कसं? गिरीधर त्याला स्कूटरवरून स्टेशनवर सोडू-आणू लागला. महिन्याभरात विशालाक्षीबाई चोराला विसरल्या. गिरीला घेऊन येणारा तो ड्रायव्हर, अशी त्याची नवी नेमणूक झाली. चोरावरून ड्रायव्हर म्हणजे बढतीच.

एका रविवारी रघु जेवून मागे हात धुवायला गेला. विशालाक्षीबाईंनी दाराकडे बघून खूण केली. "ड्रायव्हर, इकडे ये. बैस."

गिरीधर खाली बसला.

"तो माझा गिरी नव्हे," त्या हळूच म्हणाल्या.

गिरीधरने विचारलं, "कशावरून?"

"सारखं माझं कौतुक करतो. पोळी छान, साडी छान. पोटचं पोर कधी आईचं इतकं कौतुक करतं काय? माझा गिरी येतो, जेवतो, जातो. चांगलं जालं तर दोनदा वाढून घेतो, तेवढंच."

"मग त्याला सांगितलं का नाही?"

"पावम, दया येते त्याची," त्या म्हणाल्या. "त्याला आई नाही. मी नव्हे म्हटलं तर बिचारा कोठे जाईल?"

मागे नळ वाहत होता. गिरीधरने विचारलं, "आणि तुमचा गिरी?"

"ड्यूटीवर आहे. येईल." त्यांनी त्याचा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "तू फिरता माणूस, तुला भेटेल तो. त्याला एक निरोप दे. म्हणावं, मला आताशा चेहरे राहत नाहीत. तो समोर आला आणि मी कोण रे म्हटलं, तर त्याने मनाला लावून घ्यायचं नाही. मी उद्या हेही विसरेन, म्हणून आजच सांगून ठेवते. देशील निरोप?"

"देतो," गिरीधर म्हणाला.

"काय सांगशील?"

"मनाला लावून घेऊ नको म्हणून."

"हां." त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. "इतके दिवस येतोस, तुझं नाव नाही विचारलं."

गिरीधरने मागच्या दाराकडे बघितलं, स्वयंपाकघरात उभ्या वसंताकडे बघितलं. दुसरं काही नाव सांगता आलं असतं. पण तेहतीस वर्षं फाटकावर काढलेल्या माणसाला खोटं नाव जमेना.

"गिरीधर राव," तो म्हणाला.

विशालाक्षीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुलाही आई नाही काय रे?" त्या म्हणाल्या, आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "वसंता, अजून एक पान वाढ."