संकटाची पिशवी आहेरात

एका जंगलात, बाळांनो, संकट यायच्या आधी त्याची पिशवी आली.

नीट मांडी घालून बसा. ज्यांच्या घरी अशी पिशवी आहे त्यांनी पुढे बसावं, म्हणजे मला त्यांची तोंडं दिसतील.

तर या जंगलात दर चार-पाच वर्षांनी नदी घराघरांत शिरून सगळ्यांना भेटून जायची. म्हणून वनराजांच्या कचेरीने घरटी एक नारिंगी पिशवी वाटली. आत टॉर्च, दोरी, बिस्किटं, औषधं, असं बरंच काही. बाहेर वनराजांचा हसरा फोटो. फोटोखाली ओळ : ‘फक्त संकटातच उघडावी.’

गेनू ससा अगदी नदीकाठी राहायचा. त्याला चार पिल्लं, आणि एकालाही पोहता येत नव्हतं. त्याने पिशवी दाराजवळ खुंटीला टांगली. रोज तो पोरांना विचारायचा, "पाणी आलं की काय घ्यायचं?"

"पिशवीऽ!" पोरं ओरडायची.

एवढ्यात टेकाडावरच्या यशोदाबाई साळिंदरांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिकेत छापलं होतं, ‘कृपया आहेर आणू नये.’ म्हणजे आणावाच लागतो. एवढं तर दुधपित्या पिल्लालाही कळतं.

गेनूची बायको चंद्री खुंटीकडे बघू लागली.

"अगं, तिला हात लावू नकोस," गेनू म्हणाला. "पूर आला तर?"

"पूर येईल तेव्हा येईल. लग्न उद्या आहे."

"पण पोरं..."

"पोरं येणारच आहेत जेवायला. मी काय रिकाम्या हाताने जाऊ? यशोदाबाईंनी आपल्या पोरांच्या बारशाला चार झबली आणली होती, चार!"

यापुढे कोणता नवरा बोलतो? तुमच्यात कोणी असेल तर हात वर करा. बघा, एकही नाही.

चंद्रीने आधी टॉर्च काढून घेतला. "आहेरातला टॉर्च कोण मोजतंय?" मग बिस्किटं. मग दोरी, कपडे वाळत घालायला. मग औषधं. पिशवी चपटी दिसायला लागली तेव्हा तिने तिच्यात पाला कोंबला, चेन लावली आणि वरून चकचकीत कागद गुंडाळला.

लग्नात यशोदाबाई आहेर घेऊन घेऊन दमल्या. मुंगसाची पिशवी, तरसाची पिशवी, कोल्ह्याची पिशवी. एकतीस घरं, एकतीस पिशव्या. "अगंबाई, कशाला आणलंत!" असं त्या एकतीस वेळा म्हणाल्या. त्यातल्या शेवटच्या दहा वेळा मनापासून.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी नदी आली.

सगळं जंगल टेकाडावर धावलं. गेनूच्या पाठीवर दोन पिल्लं, चंद्रीच्या पाठीवर दोन. टॉर्च, दोरी, बिस्किटं, सगळं घरासकट पाण्याखाली गेलं. पाणी चढत चढत यशोदाबाईंच्या उंबऱ्याला लागलं.

"यशोदाबाई, आहेर काढा!" गेनू ओरडला.

टराटरा कागद फाटले. पहिल्या पिशवीत पाला. दुसरीत पाला. तिसरीत पाला. कोल्ह्याला पाला तोडायचाही कंटाळा, त्याच्या पिशवीत माती.

"लाज नाही वाटत?" कोल्हा म्हणाला. "आहेरात पाला देतात?"

"तू गप रे मातीवाल्या!" मुंगूस म्हणालं.

गेनूने मात्र पिशवीच्या तळापर्यंत हात घातला. तळाशी एक प्लास्टिकची शिट्टी होती. दुसऱ्या पिशवीतही होती. सगळ्यांत होती. ती कोणीच काढून घेतली नव्हती. घरात शिट्टीचं करायचं काय? पोरांच्या हाती लागली तर दुपारची झोप जाते.

पाणी उंबऱ्याच्या आत आलं. धाकट्या पिल्लाने बापाचा कान गच्च धरला. गेनूने शिट्टी फुंकली. मग एकतीस जण जीव खाऊन फुंकू लागले.

पलीकडच्या डोंगरावर वनराजांचं बचाव पथक, म्हणजे सात हत्ती, जेवून पहुडलं होतं. पुराचा निरोप त्यांच्याकडे टपालाने निघाला होता.

"कोणाची कार्टी आहेत रे ही?" हत्तींचा जमादार डोळे चोळत उठला आणि पोरांना चोप द्यायला पाण्यात उतरला. मागोमाग बाकीचे सहा. अर्ध्या वाटेत त्यांना कळलं, की आपण पुरात चालतोय.

संध्याकाळपर्यंत सगळी बिऱ्हाडं हत्तींच्या पाठीवरून सुखरूप पलीकडे गेली. गेनूने पिल्लं मोजली, पुन्हा मोजली, आणि चार भरली तेव्हा खाली बसून रडला.

पाणी ओसरलं. कचेरीने घरटी नव्या पिशव्या वाटल्या. पोरं चेन उघडायला धावली.

"खबरदार!" चंद्री ओरडली. "सोमवारी मुंगसाकडे बारसं आहे!"

तात्पर्य : संकटाच्या पिशवीत निदान एक तरी वस्तू अशी असावी, जी घरात कोणालाच नको आहे. वेळेला तेवढीच जागेवर सापडते.