सिंधूकाठचा फोटो

पिरनवाडीतून कोणी लडाखला निघाला, की त्याच्या आधी त्याचा फलक निघतो. परशराम पाटील याला अपवाद नव्हता. बेळगावातल्या एका संस्थेत तो कारकून. उघड्याबोडक्या डोंगरांतून वाहणारी सिंधू एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच इच्छा त्याने एकवीस वर्षं बाळगली होती आणि त्यासाठी पंधरा दिवसांची रजा साठवली होती. अर्ज सोमवारी द्यायचा होता. गल्लीतल्या युवराजने शनिवारीच चौकात फलक उभारला : ‘लडाखला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली अठ्ठावीस शुभेच्छुकांचे फोटो, सगळे गॉगल लावून. परशरामचा फोटो जागेअभावी लहान.

अधीक्षक शरच्चंद्र देशपांडे यांनी तो फलक वाचला होता. त्यांनी अर्ज परत केला.

“तुम्ही शनिवारीच रवाना झालात. गेलेल्या माणसाला जाण्यासाठी रजा देता येत नाही.”

“साहेब, मी तुमच्यासमोर उभा हाय की.”

“ते मला दिसतंय. पण लेखी पुरावा तिकडचा आहे. आधी परत या, मग नवा अर्ज करा.”

परतल्याचा पुरावाही फलकाचाच लागेल, असं त्यांनी स्पष्ट केलं. तोवर परशराम रोज कामावर येई, टपाल लिही. हजेरीपटावर सही मात्र करू दिली जात नसे, कारण तो लडाखला होता.

स्वागताच्या फलकासाठी युवराजने तिथला फोटो मागितला. “लोकांस्नी फसवायचं न्हाय, अण्णा.”

शेवटी मे महिन्याच्या उन्हात, गावाबाहेरच्या दगडखाणीत साचलेल्या हिरव्या पाण्याकाठी परशराम जर्किन घालून उभा राहिला. फोटो बायकोने, जयाबाईने काढला. “जरा गारठल्यागत करा,” ती म्हणाली. “आणि घाम पुसू नगासा.”

पंधराव्या दिवशी फलक लागला. कचेरीने परशराम परतल्याची नोंद घेतली, पंधरा दिवसांची रजा वजा केली आणि त्याचा नवा अर्ज, रजा शिल्लक नसल्याने, निकाली काढला.

गावाने सत्कार ठेवला. हार गळ्यात पडताच परशरामला राहवेना. तो माईकवर म्हणाला, “मी गेलतोच न्हाय. सिंधू बघितलीच न्हाय मी.”

तेव्हा गेल्या वर्षी खरोखर लडाखला जाऊन आलेले मारुतीराव उठले. फलकावरच्या हिरव्या पाण्याकाठच्या दगडाकडे त्यांनी बोट दाखवलं. “ह्याच दगडावर बसून मी च्या पिलोय. मोठी माणसं सांगत न्हाईत रं आपल्या तोंडानं.” टाळ्या बराच वेळ चालल्या.

तो फोटो आपल्याही मोबाईलवर आला होता. मोठा करून न बघताच आपण त्याखाली ‘अप्रतिम’ लिहिलंत, त्याबद्दल परशराम आपला आभारी आहे.