साळूबाईच्या चिठ्ठीचा संभव

सन १३४५ फसलीत, म्हणजे महसुली खात्याच्या सालात, हुकूम निघाला, की चिठ्ठ्या टाकून जी सरकारी जमीन वाटायची, तिथे तांब्यात हात घालण्याआधी प्रत्येक अर्जदाराचा संभव कागदावर नोंदवावा. शब्द पाचच मंजूर होते. खात्री असेल तर 'यकीनी', अशक्य असेल तर 'नामुमकिन', आणि मधल्यांसाठी 'बहुधा', 'बराबर', 'कमी'. 'देवाला ठाऊक' हा शब्द बाद झाला, कारण त्यावर कुणाला जाब विचारता येत नसे.

टेंभुर्णीकडच्या एका गावात ओढ्याकाठचा दोन एकरांचा तुकडा वाटायचा होता. अर्ज चार. तीन भुजंग पाटलाच्या घरचे : भाऊ, मेहुणा आणि व्याही. चौथा साळूबाईचा. नवरा गेल्यापासून दोन उन्हाळे तिने त्या तुकड्यातले दगड वेचले होते. आता कुठे तिथे ज्वारी धरली असती.

तहसिलीचे पेशकार, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारे कारकून, गिरिधरराव चावडीवर आले. चारांत तीन चिठ्ठ्या, म्हणून पाटलाचं घर 'बहुधा'. चारांत एक, म्हणून साळूबाई 'कमी'. इथवर त्यांचं काहीच चुकलं नाही. मग कोतवालाने चिठ्ठी काढली आणि साळूबाईचं नाव निघालं.

तिने पदर डोळ्यांना लावला. गिरिधररावांनी कागद पुन्हा वाचला. सरकारने 'कमी' लिहिल्यावर ही निघालीच कशी, असा त्यांचा सवाल होता. कागद चुकत नसतो. तेव्हा चिठ्ठी चुकली होती. दुरुस्तीसाठी ती परत तांब्यात टाकली. कोतवालाने हात घातला. साळूबाईच.

आता प्रकरण गंभीर झालं. पंचनामा झाला. चिठ्ठीचा कागद, शाई, घडी, सगळं इतर चिठ्ठ्यांसारखंच निघालं, त्यामुळे संशय बळावला. सुरक्षिततेसाठी चिठ्ठी मिसलीच्या, म्हणजे या प्रकरणाच्या, कागदांना टाचून ठेवण्यात आली, आणि साळूबाईपुढचं 'कमी' खोडून 'नामुमकिन' लिहिलं गेलं.

"साहेब," साळूबाई म्हणाली, "माझी चिठ्ठी तांब्यात न्हाई, मंग ती निघंल कशी?"

"म्हणूनच तर नामुमकिन लिहिलं, बाई. या वेळी चूक व्हायला नको."

तिसऱ्यांदा पाटलाचा मेहुणा निघाला. नोंद बिनचूक ठरली. साळूबाई उठली, ओढ्यावर गेली आणि बांधावर रचलेले दगड एकेक करून वावरात परत टाकू लागली. अंधार पडेपर्यंत टाकत राहिली.

मिसल बंद करायला गावाचा जबाब लागला. निकाल असाच लागणार हे आधीच ठाऊक होतं का, असं पेशकारांनी एकेकाला विचारलं. चाळीस जणांनी होय म्हणून अंगठे दिले. त्यातला एकही खोटं बोलला नाही. त्या आधारे गिरिधररावांनी पाटलाच्या घरापुढचा 'बहुधा' खोडला आणि 'यकीनी' लिहिलं.

आणि तुम्ही? तिचं नाव दोनदा निघालं तेव्हा, जमीन तिलाच मिळेल असं तुम्ही तरी धरलं होतंत का? नसेल, तर कागदाच्या तळाशी एकेचाळिसाव्या अंगठ्यापुरती जागा आहे.