पायाभूत उधळपट्टी

एखादी संस्था हिरवी करायची, तर ती आधी कुठेतरी वाळलेली असावी लागते. मोठ्या संस्थांना हे सत्य आपोआप कळतं, लहान संस्थांना परिपत्रकाने कळवावं लागतं. तसं परिपत्रक या कार्यालयात एका सोमवारी आलं आणि चौसष्ट कर्मचाऱ्यांसाठी त्याच्या चौसष्ट प्रती निघाल्या. (पहिला मुद्दा कागद वाचवण्याचा होता. दुसरा मुद्दा पुढच्या पानावर होता.)

सारांश असा, की शाश्वत भविष्याकडे संक्रमण करायचं तर प्रत्येकाच्या अंगी हरित कौशल्य हवं. ते बीज, अंकुर, रोप आणि वृक्ष अशा चार पातळ्यांवर मोजलं जाईल. वर्षअखेरीला जो साधा बीजही झालेला नसेल, त्याची बदली दूरच्या शाखेत होईल.

भांडार सांभाळणाऱ्या काकूंनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीचे चार तुकडे करून सुतळीत ओवून ठेवले. चिठ्ठ्यांना होतात. काकूंना सगळे थोटूककाकू म्हणत, आणि तेही तोंडावर. पेन्सिलीचं थोटूक जमा केल्याशिवाय त्या नवी पेन्सिल देत नसत. थोटूक करंगळीच्या पेराहून मोठं असलं, तर "अजून आठवडाभर लिहील ती," म्हणून परत करत. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवायची, गठ्ठ्यांच्या सुतळ्या गाठी सोडवून गुंडाळायच्या, दुपारच्या सुटीत निघताना मजल्यावरचे सगळे दिवे मालवत जायचं, असं एकोणतीस वर्षं नेमाने चाललं होतं.

बदली मात्र जमण्यासारखी नव्हती. घर दोन गल्ल्या सोडून. यजमानांचे गुडघे पार गेलेले. दुपारच्या सुटीत काकू घरी जाऊन त्यांना वाढत, हात धरून खोलीतल्या खोलीत चार पावलं चालवत आणि परत येत. दूरची शाखा गाडीने सहा तासांवर होती. तेवढी मोठी सुटी कुठलंच कार्यालय देत नाही.

प्रशिक्षण दोन दिवसांचं झालं. खिडक्यांचे पडदे ओढून दिवे लावले होते, कारण भिंतीवर सूर्यप्रकाशाच्या वापराची चित्रं दाखवायची होती. पुस्तिका एकाच बाजूने छापली होती, म्हणजे दुसरी बाजू टिपणांना मोकळी राहावी. (टिपणांसाठी वेगळी वही दिली होती.) प्रशिक्षणाअंती एकसष्ट टक्के लोकांना आपण कौशल्यहीन असल्याची जाणीव झाली. उरलेल्यांना ती चहानंतर झाली.

मग मोजणी. हरित मार्गदर्शक तरुण होता, गोड बोलायचा आणि मनाने खरोखर चांगला होता. आधी महिन्याला किती वाया जात होतं आणि आता किती जातं, एवढंच त्याला लिहायचं होतं. चाळीस टक्के घट दिसली की माणूस बीज. काकूंच्या रकान्यात आधीही शून्य आणि आताही शून्य. संगणकाने शून्याचे चाळीस टक्के काढून पाहिले आणि लाल अक्षरांत लिहिलं, 'प्रगती आढळली नाही'.

"काकू, तुमच्यात काही बदल दिसत नाही हो."

"मी आधीपासून असंच करते ना."

"तेच तर. तुम्ही बदलाला विरोध करताय, असं नोंदलं जाईल."

काकूंचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला आणि वाट दाखवली. तीन महिने जरा वाया घालवायचं, त्याला पायाभूत उधळपट्टी म्हणतात. मग ती कमी करायची. नियमात सगळं बसतं.

घरी यजमानांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, मग घालव की वाया."

"मला सवय नाही हो."

"मी शिकवतो. इतकी वर्षं तुझी बोलणी खाल्ली, ती काय उगीच?"

सराव सुरू झाला. स्वयंपाकघरातला दिवा तसाच ठेवून काकूंनी बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसायचं. पहिल्या दिवशी त्या अकरापर्यंत मोजून उठल्या. तिसऱ्या दिवशी चाळीसपर्यंत पोचल्या. यजमान म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण हात फार आवरता आहे.

कार्यालयात काकूंनी पहिली अख्खी पेन्सिल टोपलीत टाकली, दार ओढलं, दार उघडलं आणि पेन्सिल काढून घेतली. पुढे त्यांनी युक्ती केली. वाया घालवलेल्या वस्तू हरवू नयेत म्हणून त्या एका खोक्यात नीट लावल्या, यादी केली आणि वरून सुतळी बांधली. महिनाअखेरीला मार्गदर्शक आला. जपून ठेवलेलं ते वाया गेलेलं धरता येत नाही, असं त्याने हळुवारपणे समजावलं आणि खोकं कचऱ्याच्या गाडीत गेलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत काकू खिडकीत उभ्या होत्या.

त्या दुपारी त्यांनी दिवे मालवले नाहीत. घरी यजमानांना चालवताना त्यांची नजर सारखी कार्यालयाच्या खिडक्यांकडे.

"तिकडे बघू नकोस," यजमान म्हणाले, आणि स्वतःच बघत राहिले.

तीन महिन्यांत काकूंकडून दोनशे चौदा पेन्सिली, सहा गठ्ठे कोरा कागद आणि एकशे बावन्न तासांचा उजेड वाया गेला. चौथ्या महिन्यात त्यांनी पुन्हा थोटकं मागायला सुरुवात केली. घट शंभर टक्के. साहेबांची स्वतःची तीन टक्के होती. काकू बीज, अंकुर, रोप सगळं ओलांडून एकदम वृक्ष झाल्या. बदली टळली. त्यांच्या रीतीला 'थोटूक पद्धती' असं नाव मिळालं आणि चौसष्टही जणांना ती सक्तीची झाली. त्या वर्षी कार्यालयाचा वीज-कागदाचा वापर दुप्पट झाला. अहवालात लिहिलं आहे, 'पायाभूत पातळी भक्कम झाली'.

प्रमाणपत्राची मुदत एकच वर्षाची, हे तेवढं काकूंना उशिरा समजलं. पुढच्या वर्षीची मोजणी या वर्षीच्या शून्यापासून सुरू होणार होती. तेव्हापासून वर्षातले तीन महिने त्या सकाळी देवाला हात जोडून, कुणाची तरी क्षमा मागून कार्यालयात जातात आणि मजल्यावरचे सगळे दिवे लावतात. नेम धरला की मोडायचा नाही, मग तो कसलाही असो. यजमान आता आधाराशिवाय खिडकीपर्यंत येतात. तिथून दिसणारे दिवे मोजतात आणि संध्याकाळी काकूंना आकडा सांगतात.

राहता राहिले तुम्ही. हे वाचायला बसताना आतल्या खोलीतला दिवा चालू राहिला असेल, तर उठायची घाई करू नका. ती तुमची पायाभूत पातळी आहे. बंद असेल, तर मात्र तुमच्यात सुधारणेला काहीच वाव नाही. जाऊन लावून या.